सुबंधूचे भाऊ

इक्ष्वाकू कुळात असमाती नावाचा राजा होता. बंधू, सुबंधू, श्रुतबंधू आणि विप्रबंधू हे गौपायन घराण्यातले चौघे भाऊ त्याचे पुरोहित होते. पुढे राजाचं मन फिरलं. त्याने या चौघांना दूर केलं आणि किलात व आकुली अशा दोन मायावी असुरांना पुरोहितपदावर बसवलं. चिडलेल्या भावांनी राजावर अभिचार, म्हणजे जारणमारण, केला. त्याचा सूड म्हणून त्या दोघांनी सुबंधूचे प्राण ओढून काढले. ‘बृहद्देवता’ या ऋग्वेदाच्या देवतांवरच्या जुन्या ग्रंथात हीच कथा थोड्या अधिक तपशिलाने येते: ते दोघे पारव्यांचं रूप घेऊन आले आणि सुबंधू बेशुद्ध होऊन कोसळला. उरलेले तिघे भाऊ त्याच्याजवळ बसले आणि त्याला परत बोलावू लागले. तिघांनी जे म्हटलं, ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ५७ ते ६० या चार सूक्तांत आहे.

हरवलेला जीव परत आणण्याची रीत जगात कुठे कुठे होती आणि आहे, याबद्दल हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. सैबेरियातले शामान, तिबेटातले लामा, मेक्सिकोतल्या ‘सुस्तो’वर, म्हणजे भीतीने जीव निसटण्याच्या आजारावर, उपचार करणाऱ्या बाया, सगळ्यांची नावं त्यात येतात. सुबंधूचं नाव मात्र मला क्वचितच दिसलं. मी साताऱ्यात संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण आमच्या अभ्यासक्रमातही ही सूक्तं कधी नव्हती. पुरुषसूक्त असे, नासदीय असे, उषेची सूक्तं असत. ही चार मी निवृत्त झाल्यावर पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने काढलेल्या सायणभाष्याच्या आवृत्तीत सावकाश वाचली आणि मग सोडवेनात.

त्यातलं अठ्ठावन्नावं सूक्त बारा ऋचांचं आहे. प्रत्येक ऋचेचा दुसरा अर्धा भाग तोच: तुझं मन आम्ही इकडे परत वळवतो, इथे राहायला, जगायला. बदलतं ते फक्त ठिकाण. पहिल्याच ऋचेत भाऊ यमाकडे जातात, म्हणजे जिथे सापडू नये असं वाटतं तिथेच आधी पाहतात. मग आकाश आणि पृथ्वी, मग चार कोपऱ्यांची जमीन, चार दिशा, लाटांचा समुद्र, प्रकाशाचे किरण, पाणी आणि वनस्पती, सूर्य आणि उषा, मोठे डोंगर, हे सगळं जग, दूरच्याही पलीकडचं दूर. आणि बाराव्या ऋचेत, सगळ्यात शेवटी, भूत आणि भविष्य.

ही शेवटची जागा ज्याने सूक्तात घातली, त्याने मन हरवलेली माणसं जवळून पाहिलेली असणार अशी माझी खात्री आहे. डोंगरात आणि समुद्रात शोधून झालं, तरी एक जागा उरते. माणूस घरात, खाटेवर, आपल्यासमोर असतो आणि त्याचं मन चाळीस वर्षांपूर्वीच्या दिवसात जाऊन बसलेलं असतं, किंवा पुढे येऊ घातलेल्या एखाद्या संकटात अडकलेलं असतं. तिथूनही त्याला आणायचं, हे त्या भावांनी आपल्या यादीत धरलं आहे.

साठाव्या सूक्तापर्यंत आवाज बदलतो. आधीची प्रार्थना आता थेट हाक होते. ही तुझी आई, हा तुझा बाप, हे तुझं जगणं आलंय. सुबंधू, ये, बाहेर निघ. मग शेतातली उपमा येते: जू जसं वादीने बांधून ठेवतात, तसं तुझं मन धरून ठेवलं आहे, मरणासाठी नव्हे, जगण्यासाठी. पुढे वारा खाली वाहतो, ऊन खाली उतरतं, गाईचं दूध खाली येतं, तशी तुझी व्याधी खाली उतरो. आणि अखेरच्या ऋचेत नुसता हात आहे. हा हात भाग्याचा, हा त्याहून भाग्याचा, हाच सगळ्या आजारांवरचं औषध. बृहद्देवता सांगते की सुबंधूचा प्राण अग्नीच्या परिधींच्या आत, म्हणजे वेदीवर अग्नीभोवती मांडलेल्या समिधांच्या आत, सुरक्षित होता. तो अग्नीने परत दिला, आणि भावांनी ही शेवटची ऋचा म्हणत एकेकाने सुबंधूला हात लावला.

या उपचाराचं सामान काय, ते पाहा. नाव, नात्यांची आठवण, तेच तेच पुन्हा म्हणणं आणि हाताचा स्पर्श. मुळ्या नाहीत, भस्म नाही. ज्या दोघांनी आजार आणला, त्यांच्याशी झगडाही या सूक्तांत जवळजवळ नाही. पाठोपाठ सूक्तं म्हणत तिघे भाऊ बसून आहेत, एवढंच. अभिचार करून हे सगळं ओढवून घेणारेही तेच भाऊ होते. कथा ती बाजू लपवत नाही, म्हणून मला ती अधिकच खरी वाटते.

अथर्ववेदात ही रीत घरोघरच्या वापरात आलेली दिसते. आठव्या कांडाचं पहिलं सूक्त आजाऱ्याशीच बोलतं. गेलेल्यांचा ध्यास घेऊ नकोस, ते लांब नेतात. अंधारातून उजेडाकडे चढ, आम्ही तुझे हात धरले आहेत. तोंड फिरवून उभा राहू नकोस. त्यात बोध आणि प्रतिबोध, म्हणजे जाग आणि भान, यांना त्याच्या उशाशी राखण करायला बसवलं आहे. अथर्ववेदाच्या कौशिकसूत्राने हे सूक्त उपनयनात घातलं. आठ वर्षांचा मुलगा आईला सोडून गुरूच्या घरी निघतो, त्या दिवशी त्याचा जीव ठिकाणावर राहावा, यासाठी ते म्हणायचं. मुंजीतल्या पोराच्या डोळ्यांतलं भांबावलेपण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या विनियोगाचं कारण वेगळं सांगावं लागणार नाही.

हे सूक्त आपल्यापर्यंत शुद्ध रूपात पोचलं, त्यात आमच्या भागाचा वाटा आहे, आणि तो सांगताना मला अभिमान वाटतो. शंकर पांडुरंग पंडित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अथर्ववेदाची सायणभाष्यासह आवृत्ती सिद्ध केली. तुकारामबावांच्या सरकारी गाथेच्या कामावर देखरेख करणारे पंडित ते हेच. त्यांनी पोथ्या तर जमवल्याच, पण अथर्ववेद मुखोद्गत असलेले वैदिकही शोधून काढले आणि त्यांचं पठण पोथीइतकंच प्रमाण मानलं. त्यांतले केशवभट हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. पंडित १८९४ साली गेले. त्यांची आवृत्ती १८९५ ते १८९८ या काळात मुंबईत चार खंडांत छापून झाली. छापलेलं अथर्वण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही. आजाऱ्याला उजेडाकडे बोलावणारे ते शब्द कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पिढ्यान् पिढ्या पाठ म्हटले गेले होते, आणि तिथल्या कंठातून ते छापखान्यात गेले.

उपनिषदात हाच विषय वेगळ्या अंगाने येतो. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला झोपेविषयी सांगतो. तिथे एक लोकसमज ओझरता नोंदला आहे: झोपलेल्याला एकदम उठवू नये असं म्हणतात, कारण आत्मा ज्या जागी परतला नाही, तिथे उपचार कठीण. शंकराचार्यांनी भाष्यात खुलासा केला आहे की घाईने परतताना तो भलत्याच इंद्रियाच्या दाराने शिरला, तर आंधळेपण, बहिरेपण असे दोष येतात. इतक्या उंच तत्त्वचर्चेत वैद्यांची आणि घरातल्या बायकांची ही काळजी जागा मिळवून बसली आहे.

माझ्या आजीला उपनिषद माहीत नव्हतं. तरी झोपलेल्या मुलाला हलवून उठवलेलं तिला खपत नसे. आधी पायाला हात लावायचा, मग हळू आवाजात नाव घ्यायचं, दोनदा-तीनदा, आणि डोळे उघडले की मग उचलायचं. पाळण्यातल्या बाळाने जांभई दिली की ती त्याच्या तोंडापुढे चुटकी वाजवी. शिमग्यात एकदा माझ्या चुलतभावांनी झोपलेल्या काकाला कोळशाने मिशा काढल्या, तेव्हा तिने त्यांना असं फैलावर घेतलं की थट्टा जागच्या जागी थिजली. का, ते तिने सांगितलं नाही. ते मला पुढे जेम्स फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात वाचायला मिळालं. झोपलेल्याचा चेहरा रंगवणं किंवा झोपलेल्या बाईला मिशा काढणं हे मुंबईकडे खुनासारखं मानतात, कारण हिंडून परत आलेल्या आत्म्याला आपलं शरीर ओळखू येणार नाही, असं त्याने नोंदवलं आहे. जांभईच्या वेळची चुटकीही त्याच्याकडे आहे: उघड्या तोंडातून आत्मा निसटू नये म्हणून. फ्रेझरने या समजुती जगभरच्या इतर शेकडो समजुतींच्या रांगेत लावल्या आणि पुढे गेला. रानटी माणूस विचार कसा करतो, हे त्याला दाखवायचं होतं. आजीच्या हाताला त्या विचाराने काय वळण लावलं, याकडे त्याचं लक्ष नव्हतं. झोपेतून उठणाऱ्या मुलाशी कसं वागायचं याची एक अतिशय कोवळी शिस्त त्या समजुतीने आमच्या घरात टिकवून ठेवली होती.

मन हरवण्याच्या दुखण्याला वैद्यकाच्या ग्रंथांनी उन्मादाच्या प्रकरणात जागा दिली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला नववा अध्याय वाचताना मन दुभंगतं. एका बाजूला रोग्याला बांधा, कोंडा, दात काढलेले साप आणि शिकवलेले सिंह-हत्ती दाखवून घाबरवा, म्हणजे मन ठिकाणावर येईल, असा सल्ला आहे. दुसऱ्या बाजूला, ज्याचं मन आवडती वस्तू गेल्यामुळे मोडलं आहे, त्याला तिच्यासारखं काही मिळवून द्या, धीर द्या, मित्राने त्याच्याशी समजुतीचं बोलावं, असंही सांगितलं आहे. भीती घालून मन आणायचं की माया लावून, हा वाद इतका जुना आहे. आपल्याकडे पुढे कितीतरी देवस्थानांत साखळदंडाने बांधलेले रोगी दिसत, ते मला पहिल्या सल्ल्याशीच नातं सांगणारं वाटतं. माझा कौल दुसऱ्याला आहे, आणि तो पुस्तकातून आलेला नाही.

माझा थोरला भाऊ रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता. पुणे-मिरज मार्गावर त्याची उभी नोकरी गेली. ऐंशीच्या घरात असताना न्हाणीघरात पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या रात्री मात्र तो आम्हाला ओळखेना. अंगावरच्या नळ्या ओढू लागला, उठून बसायला बघू लागला आणि सारखं विचारू लागला, “वाठार गेलं का? लाइन क्लिअर मिळाला का?” वाठार हे त्याच मार्गावरचं स्टेशन, आणि लाइन क्लिअर म्हणजे गाडी पुढे न्यायची परवानगी. परिचारिकेने सांगितलं की या वयात ऑपरेशननंतर असं होतं, याला डेलिरियम म्हणतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, औषधं बदलली, आणि मग जे सांगितलं त्याने मी चमकले. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र घरून आणा. समोर घड्याळ लावा. घरचं माणूस जवळ बसू द्या. नावाने हाक मारत राहा, ते कुठे आहेत आणि आज कोणता वार आहे ते सांगत राहा, वाद घालू नका, हात धरा.

आम्ही भावंडं पाळीने बसलो. धाकटा अण्णा म्हणायचा, “दादा, मी अण्णा. तू साताऱ्यात आहेस. गाडी कधीच पोचली.” दादा त्याच्याकडे पाहायचा आणि पुन्हा वाठारला जायचा. अण्णा पुन्हा तेच म्हणायचा, त्याच स्वरात, न कंटाळता. मी दादाचा हात धरून बसले होते आणि मला ते बारा वेळा येणारं पालुपद ऐकू येत होतं. भूत आणि भविष्य, तिथे गेलेलं तुझं मन. तिसऱ्या दिवशी पहाटे दादाने माझ्याकडे पाहून विचारलं, “माई, चहा झाला का गं?” त्यानंतर त्याचं भान पुन्हा सुटलं नाही.

डॉक्टरांच्या त्या सूचनांनाही इतिहास आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. रोज दिवस-वार-ठिकाण सांगणं, गप्पा, चष्मा आणि ऐकण्याची साधनं, हिंडवणं, पुरेसं पाणी, रात्रीची निवांत झोप, अशी साधी व्यवस्था ज्या गटात केली, तिथे डेलिरियमचं प्रमाण ९.९ टक्के राहिलं. नेहमीच्या उपचारांच्या गटात ते १५ टक्के होतं. मोडलेलं हाड हाकेने जुळत नाही, जंतुसंसर्ग मंत्राने उतरत नाही, आणि डेलिरियममागे असं शारीरिक कारण शोधावंच लागतं. पण भान टिकवण्यात अशा साध्या व्यवस्थेचा वाटा मोजता येतो, आणि माणसाचं बोलणं हा तिचा एक भाग आहे.

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, त्या दिवसांनंतर एनर्जी मेडिसिनच्या शिबिरांकडे वळली. तिने मला ‘सोल रिट्रीव्हल’ची पुस्तकं आणून दिली. मायकेल हार्नर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० साली ‘द वे ऑफ द शामन’ लिहून जगभरच्या शामानांच्या रीतींतून एक सामायिक पद्धत बेतली. त्याच परंपरेतल्या सँड्रा इंगरमन यांचं ‘सोल रिट्रीव्हल’ १९९१ साली आलं. त्यांची मांडणी अशी: धक्का बसला, मारहाण झाली, कोणी सोडून गेलं, की आत्म्याचा एक तुकडा निघून जातो. उपचार करणारी व्यक्ती ढोलाच्या ठेक्यावर तंद्रीत जाऊन तो शोधून आणते आणि रुग्णाच्या छातीत व टाळूत फुंकून परत घालते. ज्यांना यातून दिलासा मिळतो, त्यांचं दुःख मी हलकं लेखणार नाही. पण ही पद्धत मूळ रीतीपासून कुठे सुटली, ते मला स्पष्ट दिसतं. अनोळखी माणसाने तासाभरासाठी येऊन जीव शोधून द्यायचा आणि निघून जायचं. ज्याच्याकडे परत यायचं, तोच माणूस यात कुठे नसतो. सुबंधूला बोलावणारे ज्या हक्काने बोलावत होते, तो हक्क ‘ही तुझी आई, हा तुझा बाप’ म्हणण्याचा होता.

लाओसच्या डोंगरातल्या हमोंग लोकांनी हा हक्क परदेशातही सोडला नाही. १९७५ साली लाओसमधलं युद्ध हरल्यावर ते थायलंडच्या छावण्यांतून अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड या शेतीच्या गावात त्यांची मोठी वस्ती झाली. तिथे १९८२ साली जन्मलेल्या लिया ली या मुलीला तीन महिन्यांची असताना झटके येऊ लागले. बहिणीने दार धाडकन लावलं, तेव्हा भिऊन तिचा आत्मा पळाला, असं आईवडिलांचं निदान होतं. डॉक्टरांचं निदान अपस्मार. दोन्हीकडची माणसं चांगली होती आणि दुभाष्या नव्हता. औषधं कधी दिली गेली, कधी नाही. सरकारने मुलीला काही काळ परक्या घरी ठेवलं. १९८६ साली मोठा झटका येऊन तिचा मेंदू निकामी झाला. ती काही दिवसांची सोबती आहे असं समजून तिला घरी पाठवलं. घरच्यांनी तिला पाठीवर बांधून, भरवून, न्हाऊ घालून, तिच्या आत्म्याला हाका मारत सव्वीस वर्षांजवळ सांभाळलं. ती २०१२ साली गेली. ॲन फॅडिमन यांनी १९९७ साली तिच्यावर लिहिलेलं पुस्तक अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचायला दिलं जातं.

त्याच गावातल्या मर्सी मेडिकल सेंटरने २००९ साली हमोंग शामानांसाठी लेखी धोरण केलं. नऊ विधींना परवानगी दिली, त्यांत आत्म्याला बोलावण्याचा विधी होता, आणि मंत्र हळू आवाजात म्हणायचे अशी अट होती. शामानांना रुग्णालय आतून दाखवून शिक्षण दिलं. त्यामुळे लोक डॉक्टरांकडे लवकर येऊ लागले, असं तिथल्या मंडळींनी सांगितलं आहे.

हे वाचल्यावर मी आमच्या गावातल्या एका मोठ्या रुग्णालयाला अर्ज दिला आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येक रुग्णाजवळ, अतिदक्षता विभागातसुद्धा, घरच्या एका माणसाला रात्री बसू द्यावं. चष्मा आणि श्रवणयंत्र कपाटात ठेवून घेऊ नये. प्रत्येक खाटेवरून दिसेल असं घड्याळ आणि मराठी कॅलेंडर लावावं. अर्जाला मी इनोये यांचे आकडे जोडले आहेत, आणि खाली दादाचीही सही घेतली आहे.